पंचमाला चिकटलेले दीडशे हर्ट्झ : एका घरगुती माइक प्रीअँपचं प्रकरण

तंबोरे बनवणाऱ्या चाचांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, तंबोऱ्याच्या पंचमाच्या तारेचा मणी केसभर मागे सरकवला आणि हेडफोन पुन्हा लावला. तार छेडली, ऐकलं, मणी पुन्हा पुढे घेतला. असं तीन-चारदा झाल्यावर त्यांनी हेडफोन उतरवून बाजूला ठेवला, तोच पंचम नुसत्या कानाने ऐकला आणि म्हणाले, “तार जागेवर आहे. हलतंय ते तुझ्या डब्यात.”

डबा म्हणजे मी दोन महिने खपून बांधलेला दोन चॅनेलचा माइक प्रीअँप, माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा. आत इनपुटला खरे माइक ट्रान्सफॉर्मर. त्या दिवसापर्यंत माझ्या मते तो तयार झालेला होता. त्यात काय काय चुकलं होतं, कसं सापडलं आणि शेवटी काय उरलं, ते इथे सगळं मांडतो. मापं माझ्या टेबलावरची आहेत. उपकरणंही साधीच : लाट पडद्यावर दाखवणारा जुना वीस मेगाहर्ट्झचा स्कोप, लॅपटॉपला जोडलेलं ऑडिओ इंटरफेस आणि मल्टिमीटर.

हे सगळं कशासाठी

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गिऱ्हाइकं त्याच्या कितीतरी आधीपासून लांबलांबची आहेत. चाचा तंबोरा पाठवण्याआधी त्याचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला तंबोरा ओळखू येत नाही, कारण सतत चाललेला एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट, असं मोबाइल धरून चालतो आणि तो दाबायला बघतो. तंबोऱ्याचा तर धंदाच एकसारखं वाजत राहण्याचा. जवारी, म्हणजे घोडीवरचा तारेचा झणकार, लावायला दोन दिवस घालवायचे आणि पलीकडे पोचायची डासाची गुणगुण.

म्हणून त्यांनी एक स्वस्तातला मिक्सर घेतला. माइक त्यांच्याकडे होताच, शुअर एसएम ५७. आतल्या खोलीत तंबोरा, बाहेर दुकानात लॅपटॉप, मध्ये अठरा मीटर केबल. आवाज आला, पण त्याच्याबरोबर सुं-सुं आली. शेजारी कुणी ड्रिल चालवलं की कर्र, पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की चर्र. त्यांनी मला विचारलं, “चांगलं काही बनवता येईल का रे?” असल्या प्रश्नाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. घरात त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत.

आता आकडे बघा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एसएम ५७ ची संवेदनशीलता एका पास्कलला, म्हणजे ९४ डेसिबल दाबाला, साधारण १.६ मिलिव्होल्ट. तंबोरा वीतभर अंतरावरून फार तर ६५-६६ डेसिबल देतो. म्हणजे माइकमधून येणार साठ-पासष्ट मायक्रोव्होल्ट. तो लाइन लेव्हलला, म्हणजे पुढच्या उपकरणाला लागणाऱ्या पातळीला, न्यायचा तर साठ डेसिबलच्या पुढे गेन (वाढ) हवा. आणि खालून फरशी असते ती नुसत्या रोधाच्या उष्णतेची : १५० ओहमचा रोध, २० किलोहर्ट्झची पट्टी, खोलीचं तापमान, एवढ्यावर ०.२२ मायक्रोव्होल्टचा नॉइज येणारच, म्हणजे उणे १३१ डीबीयूच्या (०.७७५ व्होल्टला शून्य धरून मोजलेले डेसिबल) आसपास. त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही, पैसे कितीही घाला. प्रश्न एवढाच, की तुम्ही त्याच्या किती वर राहता.

ट्रान्सफॉर्मर का

“ट्रान्सफॉर्मरने आवाजाला ऊब येते” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुणी म्हटलं की मी चहा मागवतो. माझं कारण कोरडं होतं. माझ्याकडे एनई ५५३४ या ऑपअँपचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा, साठा होता. या चिपचा व्होल्टेज नॉइज साधारण साडेतीन नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ आणि करंट नॉइज ०.४ पिकोअँपिअर. पहिल्याला दुसऱ्याने भागा, पावणेनऊ किलोओहम येतात. या चिपला समोर असा स्रोत आवडतो. १५० ओहमचा माइक तिच्यापुढे थेट ठेवला तर माइकचा स्वतःचा नॉइज दीड नॅनोव्होल्ट आणि चिपचा साडेतीन, म्हणजे पावणेआठ डेसिबल पहिल्याच पायरीवर फुकट. मध्ये १:१० चा ट्रान्सफॉर्मर घातला की व्होल्टेज दहापट होतं, इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) शंभरपट, आणि चिपला १५० ऐवजी १५ हजार ओहम दिसतात. वीस डेसिबल गेन मिळतो आणि त्या गेनला चिपचा नॉइज लागत नाही.

दुसरं कारण ती अठरा मीटर केबल. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांत तारेचा संबंधच नसतो. दोन्ही तारांवर सारखाच आलेला ड्रिलचा कचरा प्रायमरीला, म्हणजे माइककडच्या गुंडाळीला, दिसत नाही, कारण तिला फक्त दोन टोकांमधला फरक कळतो.

जेन्सन, लुंडाल, सिनेमॅग, सोटर यांचे नवे ट्रान्सफॉर्मर मागवायचे तर बाकीचा सगळा डबा त्या किमतीत दोनदा बांधून होतो. मला जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या मिक्सरमधून दोन मिळाले. कॅमेऱ्याच्या रोलची डबी असायची तेवढे, म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) टोप्यांत बसवलेले, प्रत्येकी पाच तारा आणि अंगावर एक अक्षर नाही. त्यातल्या एका टोपीला पोचा होता. त्याकडे मी तेव्हा काणाडोळा केला.

गुंडाळ्या ओळखायला मल्टिमीटरचा ओहमचा काटा लावायचा मोह होतो. लावू नये. मीटर ओहम मोजतो तो तारेतून डीसी प्रवाह पाठवून, आणि असल्या छोट्या, निकेल भरपूर असलेल्या गाभ्याला थोडा डीसीही चुंबक करून ठेवू शकतो. मी एक किलोहर्ट्झचा दहा मिलिव्होल्टचा सिग्नल एका जोडीला दिला, दुसऱ्या जोडीवर अठ्ठ्याण्णव मिलिव्होल्ट आले. म्हणजे १:१०. उरलेली काळी तार कुणाशीच जुळत नव्हती. ती दोन गुंडाळ्यांमधल्या शिल्डची. ती सरळ चासीला. गुंडाळ्यांचा रोध मी अगदी शेवटी मोजला, गाभ्याचं चुंबकत्व उतरवण्याची तयारी ठेवूनच : प्रायमरी वीस ओहम, सेकंडरी अडीच हजार. हे दोन्ही नॉइजमध्ये भर घालतात, आणि प्रायमरीचे वीस ओहम पलीकडे दोन हजार होऊन दिसतात. सगळं धरून हिशेब उणे १२८.३ डीबीयूला आला. पूर्ण झालेल्या डब्यात मोजलं तेव्हा उणे १२७.५. मला चालतंय.

बाकी सर्किट सांगण्यासारखं विशेष नाही. सेकंडरीवर १५० किलोओहम, म्हणजे माइकला ते दीड किलोओहम दिसतात; मग एक ५५३४, गेनला बारा जागांचा रोटरी स्विच, पुढे बॅलन्स आउटपुट. पॉवरला ७८१५ आणि ७९१५. सुटे भाग पुण्याहून आणले, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास दोन तास फिरून. अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत डावीकडे १८-०-१८ चा मेन्स ट्रान्सफॉर्मर, उजवीकडे इनपुट, मध्ये झीरो पीसीबी. नीट दिसत होतं. फोटोही काढले.

डब्यातली हालचाल

आता परत त्या पंचमाकडे.

तंबोरा बायकांच्या सुराचा होता, काळी चारचा. म्हणजे जोड (मधल्या दोन तारा) २०७.६ हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्मा, १०३.८, आणि पंचम खर्जाच्या दीडपट, १५५.७. चाचांना हे आकडे ठाऊक नाहीत आणि लागतही नाहीत. पण “हलतंय” म्हणजे काय, हे मी त्यांना बोटाने टेबलावर वाजवून दाखवायला सांगितलं. त्यांनी पंचम छेडला, तार विझत येईपर्यंत थांबले आणि मग बोट आपटायला लागले. मी मोबाइलवर सेकंद मोजले. दहा सेकंदांत सत्तावन-अठ्ठावन ठोके. सेकंदाला पावणेसहा.

१५५.७ मधून पावणेसहा वजा करा. दीडशे.

तार जोरात असताना हे ऐकू येत नाही, कारण दीडशेचा आवाज तिच्यापुढे कोपऱ्यात असतो. तार विझत विझत त्याच्या पातळीला आली की दोघांची गाठ पडते आणि पंचम डुलायला लागतो. मला हम, म्हणजे विजेची गुणगुण, ऐकू आला नव्हता असं नाही. थोडा आहे, चालतोय, असं मी म्हटलं होतं. हमचं एक असतं, नुसता ऐकला तर कान त्याला सोडून देतो. शेजारी सुरेल तार ठेवली की तो सुटत नाही.

इथून मी चुकीच्या दिशेला गेलो आणि दोन रविवार तिथेच घालवले. हम म्हटलं की हात आधी पॉवर सप्लायकडे जातो. फिल्टरचे हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर काढून ४७०० चे टाकले. ग्राउंडच्या सगळ्या तारा उपटून एका बिंदूला आणल्या. रेग्युलेटर बदलले. फरक शून्य. खरं म्हणजे आकडा हातात होता, त्याच्याकडे मी नीट पाहिलंच नाही. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून सप्लायमधून गळणारा हम शंभरचा, दोनशेचा असतो. दीडशे हा पन्नासचा तिसरा भाऊ. तो येतो मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून, कारण गाभा शिखरावर थोडा दमतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र गोल लाटेसारखं राहत नाही. पन्नास, दीडशे, अडीचशे. लॅपटॉपवर स्पेक्ट्रम लावला तेव्हा नेमके हे तीन खांब उभे, आणि शंभरच्या जागी जेमतेम खुंटी. कपॅसिटर बदलण्याआधी हे पाहिलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

खात्री करायला एक चाचणी केली, ती कुणालाही करता येते. एक्सएलआर प्लगमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रोध सोल्डर करून तो इनपुटला खुपसला. माइक नाही, केबल नाही, तरी हम तसाच. मग सेकंडरी पीसीबीवरून सोडवून ऑपअँपचा इनपुट ग्राउंडला टेकवला. हम गेला. म्हणजे पुढचं सर्किट स्वच्छ, आणि घाण येतेय ती त्या डबीएवढ्या ट्रान्सफॉर्मरमध्येच. साहजिक आहे. तोही गाभ्यावर गुंडाळलेली तारच. त्याला काय माहीत, कुठलं क्षेत्र माइकचं आणि कुठलं शेजाऱ्याचं. वर हे सगळं सर्किट साठ डेसिबलने मोठं करणार.

दोघांमध्ये अंतर होतं अकरा सेंटिमीटर. अ‍ॅल्युमिनियमचा डबा पन्नास हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे काचेइतकाच आरपार. मी मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या तारा वाढवून तो बावीस सेंटिमीटरवर नेला. छोट्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं, म्हणजे अंतर दुप्पट केलं की अठरा डेसिबल. मला पंधरा मिळाले. इतक्या जवळ हिशेब तंतोतंत जुळत नाही. मग त्याला पार एक मीटरवर ठेवला आणि खांब नॉइजमध्ये बुडाले.

दोन नंबरचं चॅनेल मात्र एकपेक्षा सहा डेसिबल जास्त गुणगुणत होतं. हाच तो पोचा आलेल्या टोपीचा. म्यू-मेटल हा लाडावलेला धातू आहे. त्याला ठरावीक तापमानाला भाजून मऊ केलेला असतो, आणि ठोकर बसली की चुंबकीय क्षेत्र ओढून घेण्याची त्याची ताकद कमी होते. पोचा सरळ करायला हातोडी लावली असती तर आणखी वाट लागली असती. टोपी तशीच ठेवली आणि ट्रान्सफॉर्मर जागेवर फिरवून पाहिला. चाचांचा नातू लॅपटॉपपुढे बसला, मी पक्कडीने डबी फिरवतोय, आणि आमचं चाललंय : “आलं?” “नाही.” “आता?” “कमी झालं, कमी झालं, गेलं... परत आलं.” गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवल्याची आठवण असलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. साधारण पाऊण काटकोनात एक जागा सापडली जिथे गुंडाळी क्षेत्राला आडवी पडते. तिथे तो चिकटवला.

शेवटी पॉवर सप्लाय वेगळ्या पत्र्याच्या डब्यात गेला, मीटरभर केबलने जोडलेला. एका डब्यात सगळं बसवण्याची हौस होती, ती सोडली. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा मेन्स ट्रान्सफॉर्मर) वापरा म्हणजे एकाच डब्यात चालेल असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यानेही हम कमीच होतो, संपत नाही. आणि अंतर ठेवायला पैसे लागत नाहीत.

चाचांनी पुन्हा पंचम लावला. तार पूर्ण विझेपर्यंत ऐकला. मग काही न बोलता जवारीचा दोरा सारखा करायला घेतला. हमची फाइल तिथे बंद झाली.

काचेची जवारी

दुसरी भानगड चाचांनी नाही, मीच उकरून काढली. नातवाने कुठूनतरी एक कंडेन्सर माइक आणला. तो लावला तर तंबोरा वरच्या अंगाला कडक लागायला लागला. जवारीत रेशमाऐवजी काच. मी आधी माइकला नावं ठेवली. मग तोच माइक जुन्या मिक्सरला लावला. तिथे तो असा वागत नव्हता.

जनरेटरवरून चौकोनी लाट दिली, मध्ये १५० ओहम ठेवून. स्कोपवर लाटेचा कोपरा तीस टक्क्यांनी वर उडाला आणि तीन-चार हेलकावे खाऊन बसला. वारंवारिता फिरवत मोजलं : पंधरा किलोहर्ट्झला एक डेसिबल वर, वीसला जवळजवळ दोन, आणि शिखर तेहतीसच्या आसपास साडेतीन डेसिबलचं. मधले १५० ओहम काढून पन्नास ठेवले, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या कंडेन्सर माइकचा स्रोत तेवढाच असतो. वीस किलोहर्ट्झला अडीच डेसिबल, शिखर नवाच्या पुढे. जुन्या कपाटाचं दार ढकललं की वाजतं, तसं हे वाजत होतं.

कारण असं. दोन गुंडाळ्यांचं चुंबकीय नातं कधीच शंभर टक्के नसतं. जे निसटतं ते गळतीचं इंडक्टन्स. सेकंडरीचे हजारो वेढे एकमेकांना चिकटून असतात, ती कपॅसिटी. या दोघांची मिळून एक झोपाळ्याची जोडी बनते. तिला आवर घालतो तो समोरच्या माइकचा रोध. माइकचा रोध कमी असला की आवर कमी. ५७ आणि कंडेन्सर एकाच प्रीअँपला दोन वेगळे प्रीअँप असल्यासारखे का वागत होते, ते यातून कळलं.

माझी चूक यात होतीच. सेकंडरीपासून पीसीबीपर्यंत मी चाळीस सेंटिमीटर शिल्डेड वायर नेली होती, डब्याच्या कडेकडेने, छान लेस बांधून. ती वायर मीटरला दीडशे पिकोफॅरडची. म्हणजे साठ पिकोफॅरड मी हौसेने जोडले होते, आणि गुंडाळीची स्वतःची कपॅसिटी चिप धरून नव्वदच्या घरात. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची कपॅसिटी अलीकडे शंभरपट होऊन दिसते. साठ पिकोफॅरड माइकला सहा नॅनोफॅरड वाटतात. पीसीबी ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी आणला, वायर सहा सेंटिमीटर केली.

शिखर तेहतीसवरून सरकून पंचेचाळीस किलोहर्ट्झच्या आसपास गेलं, वीसला दीड डेसिबलवर आलं, पण उडी आणखी टोकदार झाली : तीसऐवजी चाळीस टक्के. मी चक्रावलो. मग लक्षात आलं, कपॅसिटी कमी केल्यावर झोपाळा हलका होतो, आणि तोच रोध त्याला आवरायला पुरत नाही. बरं करायला गेलो आणि ते अर्धवट बरं झालं.

यावर उपाय जुना आहे, झोबेल नावाचा : सेकंडरीवर एक रोध आणि एक कपॅसिटर मालेत. खालच्या सुरांना कपॅसिटर वाट देत नाही, म्हणून नेहमीच्या आवाजावर भार येत नाही. वर, जिथे झोपाळा हलतो, तिथे रोध कामाला लागतो. किंमत हिशेबाने काढता येते, पण माझ्याकडे ट्रान्सफॉर्मरचा कागदच नव्हता. म्हणून शंभर किलोओहमचा प्रीसेट आणि सुटे कपॅसिटर मगरक्लिपने लावून चौकोनी लाट बघत बसलो. २२० पिकोफॅरडला कोपरा गोल व्हायला लागला, आवाज मंद. शंभर पिकोफॅरडला बरोबर. प्रीसेट काढून मोजला, ४६ हजार आणि काहीतरी. ४७ किलोओहम टाकला. १५० ओहमच्या स्रोतावर वीस किलोहर्ट्झला आता पाव डेसिबलचा फुगवटा आहे, आणि शिखर नाही.

पन्नास ओहमवर मात्र वीसला दीड डेसिबल अजून उरतो. तो घालवायचा तर प्रायमरीत रोध टाकावे लागतील, म्हणजे हौसेने नॉइज विकत घेणं. कंडेन्सरचा आवाज मुळातच मोठा असतो, त्याला ते चाललं असतं. ५७ ला नाही. हा डबा ५७ साठी आहे. सोडून दिलं.

याच जागी “ट्रान्सफॉर्मरचा रंग” या गोष्टीबद्दल माझं एक मत झालंय. लोक ज्याला रंग म्हणतात त्यातला मोठा वाटा गाभ्याचा नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना काय जोडलंय, त्याचा असतो. हाच ट्रान्सफॉर्मर माझ्या पहिल्या वायरिंगमध्ये “चमकदार” होता, २२० पिकोफॅरडवर “उबदार” झाला असता. रुपर्ट नीव्हच्या १९७० सालच्या १०७३ मॉड्यूलचे ट्रान्सफॉर्मर सुटे विकत आणून घरच्या सर्किटला लावणारे भेटतात, आणि मग म्हणतात, तसं काही वाजत नाही. कसं वाजेल? त्यांनी गवई आणला, साथीदार आणले नाहीत.

अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि एक चुकार केबल

हे थोडक्यात. कंडेन्सर आला म्हणून फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला दिलेली वीज, आलं. त्याचे अठ्ठेचाळीस व्होल्ट कुठून आले याची गंमत आहे : १९६६ मध्ये नॉयमनने नॉर्वेच्या रेडिओसाठी ट्रान्झिस्टरचे माइक बनवले, आणि तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी अठ्ठेचाळीस व्होल्टची लाइन आधीच होती. ती वापरली, आणि पुढे जगाने तेच धरलं. दोन्ही तारांना ६.८१ किलोओहममधून तोच व्होल्टेज मिळतो, म्हणून प्रायमरीच्या दोन टोकांत फरक राहत नाही आणि गाभ्याला डीसी लागत नाही. पण हे दोन रोध जुळे असले तर. मी एक टक्क्याच्या वीस नगांच्या पट्टीतून मीटरने जोड्या लावल्या.

एवढी काळजी घेतली आणि एका जुन्या केबलने पाणी फिरवलं. कुणीतरी कधीतरी अँप्लिफायरसाठी बनवलेली, टोकाला एक आणि तीन नंबरची पिन जोडून टाकलेली. फँटम चालू असताना ती दोन नंबरच्या चॅनेलला लागली. एक टोक जमिनीवर, दुसऱ्या टोकाने अठ्ठेचाळीस व्होल्ट ६.८१ किलोओहममधून, आणि मध्ये प्रायमरी : सात मिलिअँपिअर सरळ गुंडाळीतून. काही जळलं नाही. आवाजही येत राहिला. कानाला मला काहीच कळलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या आठवड्यात मापं घेताना तीस हर्ट्झला चॅनेल एकचं विकृतीकरण ०.१ टक्क्याच्या आत, दोनचं ०.६, आणि त्यात दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या दुपटीचा सूर) वरचढ. सम हार्मोनिक म्हणजे लाटेच्या दोन बाजू सारख्या नाहीत, गाभा एका बाजूला झुकलाय.

हे चुंबकत्व उतरवायची रीत सोपी. ऑपअँप सॉकेटमधून उपटला, कारण सेकंडरीवर दहापट व्होल्टेज येणार, फँटम बंद, मग हेडफोन अँपमधून प्रायमरीला वीस हर्ट्झ दिले, लाट स्कोपवर चेपायला लागेपर्यंत वाढवले, आणि अर्ध्या मिनिटात हळूहळू शून्यावर आणले. दुसऱ्या मापात दोन्ही चॅनेल सारखी. केबलचे दोन्ही प्लग कापून ठेवले. नातवाला सांगितलं, की केबल आधी लावायची, फँटम नंतर.

हाती काय आलं

हम : दोन्ही चॅनेलमध्ये नॉइजच्या खाली. ड्रिल : ऐकू येत नाही, शेजारी चालू असताना मुद्दाम रेकॉर्ड करून पाहिलं. पंख्याचा रेग्युलेटर : नाही. सुं-सुं : आहे, पण तंबोऱ्याच्या पातळीपासून पंचेचाळीस डेसिबल खाली, आणि मोबाइलवर ऐकणाऱ्याला ती कळत नाही.

आता एक गोष्ट, जी असले डबे बांधणारे सहसा लिहीत नाहीत. थॅट १५१२ नावाची एक चिप आहे, साठ डेसिबल गेनला एक नॅनोव्होल्टची. ती आणि दहा-बारा रोध घेतले तर नॉइजमध्ये माझा डबा मागे पडतो, थोडा का होईना. तिला म्यू-मेटल लागत नाही, झोबेल लागत नाही, मीटरभर लांब सप्लाय लागत नाही, आणि चुकार केबलने ती झुकत नाही. छोट्या खोलीत, तीन मीटर केबलवर, कंडेन्सर माइकने काम करणाऱ्याने मला विचारलं तर मी त्याला ती चिपच घ्यायला सांगेन. अठरा मीटर केबल, दोन वेगळे प्लग पॉइंट आणि शेजारी ड्रिल, अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मर आपलं भाडं भरतो.

डबा आता चाचांच्या दुकानात फळीवर आहे, सप्लाय खालच्या खणात. मध्यंतरी कुणीतरी साफसफाई करताना दोन्ही डबे एकावर एक नीट रचून ठेवले होते. चाचांनी फोन केला, “तुझा तो पंचम परत आला बघ.” मी म्हटलं, “खालचा डबा खणात ठेवा.” पलीकडे तार छेडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग ते म्हणाले, “हां.”